नारळाच्या रोपासाठी खड्डा

९ जुलै, मंगळवार

नूरोआ म्हणाला, "माझे कान किटले तेपाएरू, आता वहीत लिही." नवराच तो, बोलणारच. म्हणून ही वही.

आज पुरोतू आली. विमानाच्या जिन्यावर आधी पोट दिसलं, मग माझी बहीण. आमच्या लहानशा माउके बेटावर आता बाळंतपणं होत नाहीत. आठवा महिना लागला की बायांना इकडे रारोटोंगाला पाठवून देतात, आणि मग बसा इथे दिवस मोजत. आधीच्या तिन्ही खेपांना ती माउकेवाल्यांच्या वसतिगृहात राहिली होती. या खेपेला माझ्याकडे आलीय, कारण हे बाळ माझं आहे.

लिहिलं बाई एकदाचं.

नवीन वर्षाच्या जेवणाला सगळे माउकेला जमलो होतो, तेव्हा आईने भर पंगतीत सांगितलं, "पुरोतूच्या पोटातलं हे तेपाएरूचं." आमच्यात एवढं पुरतं. त्याला कागद लागत नाही. माझी आत्या अशीच वाढली, समोरच्या घरातला तो ढोल वाजवणारा असाच वाढला. पुरोतूने मान खाली घातली आणि अळूच्या कंदांचं ताट माझ्याकडे सरकवलं. झालं, ठरलं. आणि एकदा दिलेलं पुन्हा विचारायचं नसतं. "देणार ना गं?" असं विचारणं म्हणजे आईचा शब्द खोटा पाडणं. त्यापेक्षा मी समुद्रात उडी घेईन.

बेचाळीस वर्षांची झाले मी. डॉक्टर झाले, चोळून घेणं झालं, काढे झाले, गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना झाल्या. आता हेच.

नाव मी ठरवून ठेवलंय. नूरोआलासुद्धा सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही, बोलून दाखवलं की बिघडतं.

११ जुलै, गुरुवार

दवाखान्यात गेलो. वायनेमावशी तिथली जुनी नर्स, अर्ध्या बेटाला तिनेच बाहेर काढलंय. पुरोतूच्या पोटावर हात ठेवून ती डोळे मिटते आणि आतलं सगळं सांगते. बाळ आता डोळे उघडतं-मिटतं म्हणे. अंगठा चोखतं. आणि ऐकतं.

"आईचा आवाज ओळखतं बरं का आता," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "आणि दुसऱ्या कुणाचा?"

"जो जास्त बडबड करेल त्याचा."

"मग झालंच!" पुरोतू म्हणाली. "ताईचाच ओळखणार."

तिघी हसलो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! उद्यापासून सकाळी न्याहारीला तिच्याशेजारी बसून पोटाशी बोलायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

१४ जुलै, रविवार

चर्चमध्ये बायांनी वरचा सूर धरला, मागून पुरुष हुंकारायला लागले, आणि पुरोतू कळवळली. मग हसली. माझा हात घेतला आणि स्वतः पोटावर ठेवला. आतून काहीतरी टणक माझ्या तळव्याखालून सरकत गेलं. टाच होती. टाचच होती!

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. नूरोआ घाबरला, म्हणाला बरं वाटत नाहीये का तुला.

बाळ माझं, आणि मध्ये दुसऱ्याची कातडी.

१८ जुलै, गुरुवार

आज भांडले. ती बाई कोरड्या शेवया पाकिटातून तशाच खाते! मी सकाळी उठून अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवते, ताजा मासा आणते, आणि ही कुरुम कुरुम शेवया चावत बसते.

म्हटलं, "अगं, बाळाला काय मिळणार त्यातून?"

"ताई, भूक मला लागलीय, बाळाला नाही."

"तुला काय कळतं?"

"तीन काढलीत मी," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही, नुसतं म्हणाली.

तिला झोप येत नाही, मी काही करू शकत नाही. तिचे पाय सुजतात, मी चोळते, पुन्हा सुजतात. ती जिना दोन-दोन पायऱ्या उतरते आणि मी खाली उभी राहून जीव मुठीत धरते. नऊ महिने पोटात वागवणं कठीण असेल, असेल बाई. पण नुसतं बाहेर उभं राहून बघणं काय असतं, ते मला विचारा.

संध्याकाळी नूरोआला म्हटलं, मागच्या अंगणात खड्डा खणून ठेव. मूल झालं की त्याची वार जमिनीत पुरायची आणि वर नारळाचं रोप लावायचं. जिथे वार पुरली ती जमीन त्या मुलाची, तिथलंच ते. माझी माउकेला आहे, पुरोतूची माझ्या शेजारीच. या बाळाची इथे, माझ्या दारात. कोंब फुटलेला नारळ मी आणून ठेवलाय.

नूरोआ म्हणाला, "माती ओली आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

हा माणूस कधी कशाची घाई करेल तर शपथ.

२३ जुलै, मंगळवार

वायनेमावशी म्हणाली, आता आत नवीन काही व्हायचं नाही, फक्त अंग धरायचं. अंगावरची लव गळायला लागलीय. चरबी चढतेय, म्हणजे बाहेरचा गारठा सोसेल. फुप्फुसं तेवढी अजून पिकायचीत.

मग तिचा हात एका जागी थांबला. पुन्हा चाचपलं.

"डोकं वर आहे," म्हणाली. "बसलंय मांडी घालून, खुशाल."

पायाळू! आणि आता आत फिरायला जागा कमी कमी होत जाणार. मी विचारलं, फिरलं नाही तर? मावशी म्हणाली, डॉक्टर बाहेरून हाताने फिरवून बघतील. नाही जमलं तर पोट कापून काढतील. पुरोतूने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. तिने कधी माझा हात असा धरला नव्हता, लहान असतानासुद्धा नाही.

नूरोआने खड्डा खणला. खोल छान खणलाय.

२९ जुलै, सोमवार

फिरलं! डॉक्टरने दोन्ही हातांनी दाबत दाबत फिरवलं. पुरोतूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण तोंडातून आवाज नाही. मी रस्त्यावर केकची गाडी थांबवून सगळ्या वॉर्डाला केक वाटला. वायनेमावशी म्हणाली, "तेपाएरू, अजून जन्म नाही झालेला." म्हटलं, होईल तेव्हा पुन्हा वाटेन.

३१ जुलै, बुधवार

पुन्हा वर. दोन दिवसही टिकलं नाही.

मी चिडून पोटाला म्हटलं, "अरे, एवढी मेहनत केली आम्ही, तुला माझ्याकडे यायचंय की नाही?"

पुरोतू एकदम उठून आत गेली. गंमत करत होते मी. पण तिचंही बरोबर आहे, त्या दाबादाबीने पोट अजून दुखतंय तिचं.

३ ऑगस्ट, शनिवार

राज्यघटनेच्या सणासाठी सगळ्या बेटांचे लोक आले. माउकेचा नाच-गाण्याचा ताफा बोटीने आला, त्यात पुरोतूचा नवरा तेआरिकी. बाजारातली माझी टपरी लवकर बंद करून धक्क्यावर गेले. त्याने एक मोठी बर्फाची पेटी आणली होती, आत मासे, अळूचे कंद, वर माउकेच्या रानातल्या सुवासिक माइरेच्या पानांच्या माळा. घर माउकेसारखं वासाने भरून गेलं.

तेआरिकी नेहमी माझी थट्टा करतो, "ताई, अजून थोडी जाड झालीस!" आज थट्टा नाही. चहा प्यायला, खाली बघून. बोटीने लागलं असेल.

पुरोतूने ती रिकामी पेटी लिंबू घासून धुतली, तीनदा पाणी ओतलं, आणि उन्हात उघडी ठेवली.

"ताई, ही कुणाला देऊ नकोस हं. आणि मासे ठेवू नकोस यात आता."

"नाही गं. जाताना मटण भरून देईन तुला, तिकडे मिळत नाही ना चांगलं."

ती पेटीचं झाकण पुसत राहिली. एवढं मोठं पोट घेऊन उकिडवी बसून काय ते पुसणं! मी म्हटलं दे इकडे, तर दिली नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

दुपारी तालीम बघायला गेलो. तेआरिकी ढोल वाजवत होता. पुरोतू खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचत होती, तेवढ्यात पोट एका बाजूला उंच झालं. मी दोघींसाठी शहाळी घेऊन मागून येत होते. ती पोटाला म्हणत होती, "ऐकतोयस का? की ऐकतेयस? तो ढोल तुझ्या बाबांचा. आपल्याकडे हा रोज ऐकायला मिळतो."

सांगू दे की! मीही सांगणारच आहे त्याला, तू माउकेचा, तिथे तुझी भावंडं आहेत. लपवायचं थोडंच असतं आमच्यात काही.

पण माझं शहाळं मी तिलाच देऊन टाकलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नखं बोटांच्या टोकांपर्यंत आली असतील म्हणे. फुप्फुसं तयार. बाळ पूर्ण झालंय, आता ते फक्त बसलंय, आणि आम्हीही. शस्त्रक्रियेची तारीख पंधराची दिलीय.

गेले चार दिवस ती पोटाला हात लावू देत नाही. "दुखतंय ताई." मी लांबूनच बोलते बाळाशी, दारात उभी राहून, भांडी घासता घासता. आज काय केलं, पाऊस आला का, केळी पिकली का. नूरोआ म्हणतो, भिंतीशी बोलल्यासारखी दिसतेस.

आईला फोन केला. काय विचारणार? जे विचारायचं ते विचारता येत नाही. म्हटलं, "पुरोतू ठीक आहे ना गं मनाने?"

आईने आधी पावसाचं सांगितलं. मग म्हणाली, "बाळ सुखरूप बाहेर येऊ दे. मग बघू."

मग काय बघायचंय? म्हातारी झाली आई, काहीही बोलते.

पाळणा अजून जोडलेला नाही. नूरोआ म्हणतो स्क्रू हरवला. कपडे धुताना त्याच्याच पँटच्या खिशात सापडला! विचारलं तर म्हणे, अरे हो की. विसरभोळा मेला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी अंगणातच पाणी गेलं तिचं. मी चपला न घालताच गाडीत बसले. दवाखान्यात वायनेमावशीने तपासलं आणि तिचा चेहरा बदलला. एक पाय खाली आला होता. धावपळ, चाकांचा आवाज, दार बंद.

मी बाहेर. कुणी म्हणालं बस, बसले. कुणी म्हणालं पाणी पी, प्यायले. आत माझी बहीण आणि आत माझं बाळ, आणि देवाला सांगताना आधी कोणाचं नाव घ्यायचं ते कळेना. शेवटी म्हटलं, दोघांना ठेव. बाकी काही मागत नाही. असं म्हणाले मी, तोंडाने म्हणाले.

मुलगी झाली. वायनेमावशी तिला गुंडाळून बाहेर घेऊन आली. लालबुंद, एक पाय अजून कानाशी वळलेला, आणि असं रडत होती की खिडक्या हलतील. मी म्हटलं, "काय गं, काय झालं, पाऊस आला का, केळी पिकली का?"

ती थांबली. रडता रडता थांबली आणि मान माझ्याकडे वळवली.

"बघ," मावशी म्हणाली. "ओळखला आवाज."

मी तिचा वळलेला पाय दोन बोटांनी धरला. पुरोतू अजून गुंगीत होती. बाळाला तिच्याकडे नेलं. मग मावशीने जाड पिशवीत बांधलेली वार माझ्या हातात दिली. "घरी ने. उन्हात ठेवू नकोस."

वॉर्डातल्या एका पोराच्या स्कूटरवर, दोन्ही पायांमध्ये पिशवी धरून आले. नूरोआ गाडी घेऊन आधीच घरी आला होता, फावडं घेऊन खड्ड्यापाशी उभाच होता, नारळाचं रोप शेजारी. गुंडाळायला स्वच्छ कापड हवं होतं. पुरोतूच्या खोलीत गेले. दारामागे ती पेटी होती. वाटलं, तिने धुतलेली आहे, कापडं त्यातच असतील. झाकण उघडलं.

आत पांढरं कोरं कापड, घडी घातलेलं. बर्फासाठी पिशव्या. चिकटपट्टी. आणि एक लहानशी गोधडी, माइरेच्या पानांची, सगळे टाके तिच्या हातचे. पान अन् पान माउकेचं.

मटणासाठी नव्हती ती पेटी, वार माउकेला न्यायला होती.

गोधडी मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले. नूरोआ दारात आला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला कोण सांगणार? मी आपला बघत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू, तेपाएरू? तुझा चेहरा बघून काय बोलू?"

खड्डा तयार होता. वार माझ्या हातात होती. पुरोतू गुंगीत, तेआरिकी माउकेला परत गेलेला, आणि आईचा शब्द माझ्या बाजूने. एकदा पुरली की कुणी उकरत नाही. कुणी विचारतही नाही, आमच्यात विचारत नाहीत. मी विचारू शकले नाही, तसं तिलाही सांगता आलं नाही. दिलेलं परत कसं मागणार ती? एका घरात एका टेबलाशी बसून दोघी पाच आठवडे गप्प राहिलो, आणि बडबडी म्हणे मी!

खरं सांगते, मी खड्ड्यापर्यंत गेले. आत बघितलं. ओली काळी माती, छान होती. पण ती तीन वेळा पेटी धुणारी बाई डोळ्यांसमोरून हलेना. उकिडवी बसून पुसत होती, आणि झाकण माझ्या हातात देत नव्हती.

नूरोआला म्हटलं, "जा, बर्फ घेऊन ये."

"नक्की?"

"जा म्हटलं ना!"

तो गेल्यावर त्या कोऱ्या कापडात गुंडाळलं. तो बर्फ घेऊन आला तेव्हा मी अंगणातच बसून रडत होते, मोठमोठ्याने, शेजारच्या कुत्र्यांनीसुद्धा साथ दिली.

१४ ऑगस्ट, बुधवार

पुरोतू जागी होती. बाळ तिच्या छातीशी. मला बघून तिने बाळाला घट्ट धरलं, मग लगेच हात सैल केले आणि बाळ माझ्यापुढे केलं. शब्द पाळायला निघाली होती ती. डोळे बाळावर, आणि तरी दोन्ही हात पुढे.

मी म्हटलं, "वार फ्रीझरमध्ये ठेवलीय. तुझ्या पेटीत घालून देईन जाताना."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. टाके दुखत असताना असं रडू नये माणसाने.

"ताई, मी सांगणार होते. रोज सकाळी वाटायचं आज सांगू."

"माहीत आहे."

"या बाळाला आईने दिलं गं. मी नव्हतं दिलं."

"आणि मी तरी तुला कुठे विचारलं," मी म्हणाले. "गप्प आता. दूध पाज तिला."

१९ ऑगस्ट, सोमवार

फ्रीझर उघडला की मासा काढायला हात जातो आणि शेजारची पिशवी दिसते. आज मासा नकोच म्हटलं. डबाबंद मटण खाल्लं.

बाळ घरी आहे. पुरोतूच्या खोलीत. रडलं की मी भांडी घासता घासता बोलते आणि ते गप्प होतं. पुरोतू म्हणते, "ताई, बोल ना जरा." म्हणजे आता मला बोलवायचं बोलायला! ती विचारते म्हणून बोलते मी. पण संध्याकाळी मागच्या नळाशी जाऊन तोंडात कापड कोंबून बसते, तेव्हा बाळ पुन्हा रडायला लागतं आणि मी उठून आत जाते.

२६ ऑगस्ट, सोमवार

गेले सगळे.

तेआरिकी न्यायला आला होता. विमानतळावर पुरोतू म्हणाली, "नाव तू ठेव ताई. तो मान तुझा. आईलाही विचारलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेआरिकीने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

मी म्हटलं, "आपल्या आजीचं नाव ठेवा. उपोकोइना." सगळ्यांना आवडलं. पुरोतू म्हणाली, किती शोभतं. मी बाळाच्या गळ्यात इवलीशी माळ घातली, तर तिने ती तोंडात घातली. पेटी तेआरिकीने स्वतःच्या मांडीवर घेतली, सामानात टाकू दिली नाही. मी त्याला सांगितलं, बर्फ वितळेल, पोचल्या पोचल्या खड्डा कर. म्हणाला, "कधीच खणून ठेवलाय, ताई." मग त्याला कळलं आपण काय बोललो ते, आणि त्याने मान खाली घातली.

गाडीत नूरोआने विचारलं, "हेच नाव होतं का तुझ्या मनात?"

"हो," मी म्हटलं.

घरी आलो तर खड्डा बुजवलेला. सकाळी आम्ही निघायच्या आधीच त्याने नारळाचं रोप लावून टाकलं होतं, आणि मला बोलला नव्हता. चहा ठेवायला तो आत गेला. मी रोपाला पाणी घातलं आणि कुणी नाही असं बघून ते दुसरं नाव, जे मी कुणाला सांगितलं नाही ते, एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

चांगलं वाटतं कानाला. इथे मात्र लिहीत नाही.